सरांना शिकवायला कोण शिकवतं?

पहिलीच्या वर्गावर उभं राहायला डीएलएड लागतं, टीईटी लागते. बीएस्सीच्या वर्गावर उभं राहायला काय लागतं? प्राध्यापकांना चांगलं शिकवायला मदत करणं, हेच ज्यांचं काम आहे अशी माणसं जगभर आहेत. आपल्या राज्यातही आहेत. ती नेमकं काय करतात आणि धाराशिव जिल्ह्यातल्या कॉलेजांपर्यंत कितपत पोचतात, ते बघूया.

कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं, ‘सर लई हुशार आहेत, पण सगळं डोक्यावरून जातं.’ दुसरं, ‘मॅडमचं लेक्चर कधी संपलं कळलंच नाही.’ दोघांची डिग्री तीच. दोघंही सेट-नेट झालेले, कदाचित सरांकडे पीएचडीसुद्धा. मग हा फरक येतो कुठून? यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर असतं, ‘शिकवणं अंगातच असावं लागतं.’

हेच आपण पैलवानाबद्दल कधी म्हणतो का? २०२३च्या नोव्हेंबरमध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. ज्यांनी ती बघितली त्यांना माहीत आहे, की मॅटवर एकटा पैलवान दिसत असला तरी त्याच्यामागे वस्ताद असतो. वस्ताद रोज तालमीत काठाला उभा राहून बघतो. पाय कुठे चुकला, पकड कुठे ढिली पडली, ते सांगतो आणि तोच डाव पुन्हा करून घेतो. अंगात ताकद असली तरी वस्तादाशिवाय डाव बसत नाही, हे आपल्याला मान्य असतं. प्राध्यापकाला मात्र आपण एमएस्सी झाल्याच्या दुसऱ्या वर्षी थेट ऐंशी पोरांच्या वर्गात सोडतो. त्यांचं शिकवणं काठावर उभं राहून बघणारं कोणीच नसतं.

१५० प्रश्नांत ५

आधी पात्रतेचा हिशेब मांडू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचं तर दोन वर्षांची पदविका, त्यात प्रत्यक्ष वर्गावर घेतलेले पाठ, वर टीईटी. हायस्कूलला बीएड. नोकरी लागल्यावरही शाळेला भेट देणारे केंद्रप्रमुख असतात, शिक्षण परिषदा असतात आणि जिल्ह्याची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, असते. हे सगळं नेहमी उत्तम चालतं असं नाही. पण शिक्षकाला शिकवायला शिकवावं लागतं, हे तत्त्व तरी व्यवस्थेने मान्य केलेलं आहे.

सिनियर कॉलेजला काय लागतं? पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना त्यात सवलत, आणि नेट किंवा सेट किंवा पीएचडी. नेटचा पहिला पेपर ५० प्रश्नांचा. त्यात १० घटक, आणि त्यातला एक घटक ‘अध्यापन अभियोग्यता’. दुसरा पेपर विषयाचा, १०० प्रश्नांचा. म्हणजे १५० प्रश्नांतले साधारण ५ प्रश्न शिकवण्याबद्दल, आणि तेही चार पर्यायांतून गोल काळा करायचे किंवा क्लिक करायचे. पीएचडीत माणूस एका बारीक विषयात खोल जातो. ती मेहनत मोठीच असते, पण एफवायच्या वर्गाला मोल संकल्पना किंवा मागणीची लवचिकता कशी समजवायची, याच्याशी तिचा फारसा संबंध नसतो. मुलाखतीत दहा मिनिटांचा डेमो झाला तर झाला.

अशा वेळी नवा प्राध्यापक काय करणार? त्याला ज्यांनी शिकवलं, त्यांच्यासारखं शिकवणार. त्यांनी नोट्स सांगितल्या असतील तर हाही नोट्स सांगणार. यात त्याचा आळस नसतो, त्याला दुसरं काही दाखवलेलंच नसतं.

‘विकासक’ म्हणजे बिल्डर नव्हे

परदेशात या मदतीच्या कामाला फॅकल्टी डेव्हलपमेंट किंवा एज्युकेशनल डेव्हलपमेंट म्हणतात आणि ते करणाऱ्यांना एज्युकेशनल डेव्हलपर. मराठीत याला अजून नीट शब्द नाही. ‘विकासक’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बिल्डरच येतो. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९६२ मध्ये असं स्वतंत्र केंद्र सुरू केलं. १९७६ मध्ये तिथे या लोकांची पॉड नेटवर्क नावाची व्यावसायिक संघटनाही उभी राहिली. आज तिकडच्या बहुतेक मोठ्या विद्यापीठांत असं केंद्र असतं. त्यात काम करणारी माणसं बऱ्याचदा स्वतः प्राध्यापक राहिलेली असतात.

ही माणसं करतात काय? मुख्य कामं चार.

पहिलं काम, वर्गात मागे बसून बघणं. आधी प्राध्यापकाशी बोलायचं, ‘तुम्हाला नेमकं काय तपासायचंय?’ मग तासाला मागच्या बाकावर बसून नोंदी करायच्या. प्रश्न किती विचारले, कोणत्या बाजूच्या मुलांना विचारले, फळ्याकडे तोंड करून किती वेळ बोललं गेलं. मग दोघांनी बसून त्या नोंदी बघायच्या. यातली एक नोंद तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गांची रेकॉर्डिंग तपासून दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. हे थांबणं तीन सेकंदांपर्यंत नेलं तर मुलांची उत्तरं लांब येतात, जास्त मुलं बोलतात आणि ‘माहीत नाही’चं प्रमाण घटतं. ‘समजलं का? समजलं ना? चला पुढे’ हे आपण किती वेळा ऐकलंय! पण शिकवणाऱ्याला स्वतःचा हा एक सेकंद ऐकू येत नाही. तो मागे बसलेल्यालाच दिसतो.

दुसरं काम, सेमिस्टर संपायच्या आत मुलांना विचारणं. ही पद्धत वॉशिंग्टन विद्यापीठात १९७०च्या दशकात तयार झाली. सेमिस्टरच्या मध्यावर एका तासाला प्राध्यापक वर्गाबाहेर जातात. ही बाहेरची व्यक्ती मुलांचे छोटे गट करते आणि विचारते, या तासात तुम्हाला शिकायला कशाची मदत होते, कशाने अडतं आणि काय बदलता येईल? गटांत ज्यावर एकमत होतं तेवढंच लिहून घेते आणि प्राध्यापकाला एकांतात सांगते. नाव कोणाचंच नाही.

तिसरं काम, अभ्यासक्रम उलट्या बाजूने आखायला मदत करणं. आपल्याकडे युनिट एकपासून सुरुवात होते आणि युनिट चारला पोचेपर्यंत परीक्षा दारात येते. इथे आधी शेवट ठरवतात. सेमिस्टर संपल्यावर मुलाला काय ‘करता’ आलं पाहिजे? ताळेबंद वाचता आला पाहिजे, की ताळेबंदाची व्याख्या लिहिता आली पाहिजे? ते ठरलं की परीक्षा कशी घ्यायची ते ठरतं, आणि मग तास कसे घ्यायचे ते.

चौथं काम, छोट्या पाठांचा सराव. पाच-सात मिनिटांचा पाठ, समोर चार-पाच सहकारी, एका वेळी एकच कौशल्य, मग चर्चा आणि तोच पाठ पुन्हा. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ मध्ये ही पद्धत सुरू झाली. आपल्याकडे बीएड करणाऱ्या कोणालाही विचारा, ‘सूक्ष्म अध्यापन’ म्हणून ते हे सांगतील. शाळेच्या शिक्षकाला जे अनिवार्य आहे, ते प्राध्यापकाच्या वाट्यालाच येत नाही.

या चारही कामांना एक अट सारखीच असते, गुप्ततेची. मागे बसलेला माणूस प्राचार्यांना अहवाल देत नाही. बढतीच्या फाइलला त्याच्या नोंदी लागत नाहीत. ही अट मोडली की सगळं बिघडतं, कारण तपासणी म्हटली की माणूस आपली अडचण लपवतो. पैलवानाला आपला वस्ताद आणि पंच यांतला फरक नीट कळतो. इथेही तो कळायला हवा.

फरक पडतो का?

पडतो, आणि तो आकड्यांत दिसतो. २०१४ मध्ये अमेरिकेत विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून तपासले गेले. एका बाजूला नुसतं लेक्चर, दुसऱ्या बाजूला ज्या वर्गांत मुलांना प्रश्न, चर्चा, छोटी कामं करायला लावतात ते वर्ग. लेक्चरच्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के होतं, दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत २१.८ टक्के. म्हणजे दर शंभरात बारा मुलं जास्त पास. मुलं कमी-अधिक तशीच, विषयही तेच, फक्त तास घेण्याची रीत वेगळी.

‘तिकडचं सांगू नका, आमच्या वर्गात दीडशे पोरं आहेत,’ असं कोणी म्हणेल. त्याचं उत्तर मुंबईत आहे. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या गटाने २०१३ मध्ये पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या मोठ्या वर्गाचा अभ्यास मांडला. पद्धत साधी होती. सर प्रश्न देतात, आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करून लिहायचं, मग शेजारच्याशी बोलायचं, मग सगळ्या वर्गात चर्चा. या कामात सरासरी ८३ टक्के मुलं खरोखर गुंतलेली आढळली.  शेजारी बसलेला मित्र पुरला.

मात्र यात एक गोम आहे आणि ती आपल्याकडे बोट दाखवते. २०१९ मध्ये हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या मुलांवर एक प्रयोग झाला. एकच भाग एका गटाला छान ओघवत्या लेक्चरने शिकवला, दुसऱ्या गटाला स्वतः गणितं सोडवायला लावून. नंतर दोन्ही गटांना विचारलं, ‘तुम्ही किती शिकलात?’ लेक्चरवाल्यांना वाटलं, आपण जास्त शिकलो. चाचणीत जास्त गुण मात्र दुसऱ्या गटाला मिळाले. डोकं चालवताना त्रास होतो, आणि त्या त्रासाला आपण ‘काही कळत नाहीये’ समजतो. उलट सर सगळं उलगडून सांगतात तेव्हा सोपं वाटतं, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री कळतं, की ते सोपं सरांना होतं.

म्हणजे ‘चांगलं शिकवतात’ हे आपलं मतसुद्धा प्रत्येक वेळी भरवशाचं नसतं. जी मॅडम वर्गात प्रश्न टाकून गप्प उभी राहते, तिला आपण ‘शिकवत नाही, आम्हालाच विचारते’ म्हणून नावं ठेवतो. अशा वेळी तिच्या पाठीशी उभं राहून ‘तुमचं बरोबर चाललंय, फक्त मुलांना असं का करतोय ते आधी सांगा,’ असं म्हणणारं कोणीतरी लागतं.

नावं बदलली, वर्ग तसाच

आपल्या देशात हे काम नवं नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून विद्यापीठांमध्ये ‘ॲकॅडमिक स्टाफ कॉलेज’ सुरू केली. २०१५ मध्ये त्यांचं नाव ‘मानव संसाधन विकास केंद्र’ झालं. २०२३च्या शिक्षक दिनाच्या सुमाराला ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र’ हे तिसरं नाव आलं. देशभरात अशी १११ केंद्रं आणि १५ लाख प्राध्यापकांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट जाहीर झालं. भागाकार करून बघा. एका केंद्राच्या वाट्याला साडेतेरा हजार प्राध्यापक येतात. इतक्या जणांच्या वर्गात मागे जाऊन बसणं कोणाला शक्य आहे? मग उरतं ते एकच, हॉलमध्ये बसवून भाषण देणं, किंवा आता, ऑनलाइन लिंक पाठवणं.

या केंद्रांनी काहीच केलं नाही असं मात्र नाही. उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग ही त्यांची मुख्य कामं. वेगवेगळ्या गावांतले, विषयांतले प्राध्यापक तीन-चार आठवडे एकत्र राहायचे, एकमेकांची पुस्तकं, पद्धती बघायचे. एखाद्या तालुक्याच्या गावात विभागात एकट्याच असलेल्या माणसाला हे मोठं मोकळं होणं होतं. अडचण दुसरीकडे आहे. हे वर्ग बढतीला जोडलेले आहेत. २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या बढतीसाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग घातला आहे. त्यामुळे प्रश्न ‘मी वेगळं काय शिकलो’ असा न राहता ‘सर्टिफिकेट कधी मिळणार’ असा होऊन बसतो. २०२०च्या लॉकडाउनमध्ये तर वेबिनारचा आणि ई-सर्टिफिकेटचा पूर आला. वर्गातून परत आलेल्या प्राध्यापकाने सोमवारी पहिल्या तासाला काय बदललं, ते बघायला कोणी जात नाही. पैलवानाला तीन आठवडे कुस्तीवर व्याख्यान देऊन सोडून दिल्यासारखं हे आहे.

महाराष्ट्रात काही ठिकाणी याहून वेगळे प्रयत्न झाले. आयआयटी मुंबईने ‘टी-टेन-के-टी’ या उपक्रमात, म्हणजे दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणात, गावोगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना केंद्रं करून त्यांना थेट प्रक्षेपणाने जोडलं. प्राध्यापकाला मुंबईला जावं लागलं नाही, जवळच्या कॉलेजात बसून प्रात्यक्षिकासह शिकता आलं. पुण्याच्या आयसरने राज्यातल्या पदवी महाविद्यालयांमधल्या विज्ञानाच्या प्राध्यापकांसाठी कार्यशाळा घेतल्या. शास्त्रज्ञ जसे प्रश्न विचारून, माहिती तपासून निष्कर्षाला येतात, तसाच तास कसा घ्यायचा, हा त्यांचा विषय. राज्य सरकारनेही पुण्यात ‘महाराष्ट्र स्टेट फॅकल्टी डेव्हलपमेंट अकॅडमी’ ही याच कामासाठीची स्वतंत्र संस्था उभी केली. म्हणजे आराखडा आहे, जाणकार माणसंही आहेत. प्रश्न आहे तो अंतराचा.

परंड्यापासून उमरग्यापर्यंत

आपल्या जिल्ह्यात आठ तालुके. तुळजापूर, कळंब, उमरगा, परंडा, भूम, सगळीकडे सिनियर कॉलेज आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर २००४ पासून धाराशिवला आहे. पण प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाचं विद्यापीठाचं केंद्र छत्रपती संभाजीनगरच्या मुख्य परिसरात आहे, सुमारे अडीचशे किलोमीटरवर. उमरग्याहून निघायचं तर एसटीत अख्खा दिवस जातो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. महाराष्ट्रातले चार जिल्हे तीत आले, गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि आपला, तेव्हाचा उस्मानाबाद. यादीत शिक्षण हा एक मोठा निकष होता, पण तो शाळेपुरता. कॉलेजच्या वर्गात काय चालतं, त्यावर त्यात नजर नव्हती.

इथे शिकणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या घरात आधी कोणी कॉलेजला गेलेलं आहे, ते आठवून बघा. घरी विचारायला कोणी नाही. बारावीपर्यंत लातूरला क्लास लावता येतो, पण एसवाय बीएस्सीच्या थर्मोडायनॅमिक्सला क्लास नसतो. यूट्यूबवर चांगलं मिळतं ते बहुतेक इंग्रजीत किंवा हिंदीत. अशा मुलाला किंवा मुलीला त्या विषयाचा एकच आधार असतो, वर्गातला तो पाऊण तास. तो वाया गेला की केटी लागते, आणि दोन केट्या लागल्या की घरचे म्हणतात, ‘पुरे झालं आता.’ मुलीच्या बाबतीत तर पुढे काय होतं, ते सांगायची गरज नाही. यात सगळ्यात वाईट म्हणजे ती मुलगी स्वतः धरून चालते, की आपल्यालाच डोकं नाही. शंभरात बारांचा जो फरक वर सांगितला, त्या बारांमध्ये ती असू शकते.

दुसरी गोष्ट तासिका तत्त्वाची. आपल्याला शिकवणारे किती सर-मॅडम सीएचबीवर आहेत, ते आपल्याला चांगलं माहीत असतं. त्यांना तासाप्रमाणे मानधन मिळतं. त्यांना बढती नाही, म्हणून बढतीला जोडलेलं प्रशिक्षणही नाही. तीन आठवड्यांचा वर्ग करायला गेले तर तेवढ्या तासांचं मानधन बुडतं. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त मदत हवी, जे सगळ्यात तरुण आहेत आणि शिकायला तयार आहेत, तेच या व्यवस्थेच्या बाहेर राहतात. त्यात २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर, मायनर, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञानप्रणाली असे नवे विषय आले. हे पेपर कसे शिकवायचे, असं विचारायला प्राध्यापकाकडे जवळ माणूस नाही.

गंमत म्हणजे याच धाराशिव शहरात दुसरं चित्रही आहे. इथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वैद्यकीय शिक्षणाच्या नियमांनुसार प्रत्येक मेडिकल कॉलेजात ‘मेडिकल एज्युकेशन युनिट’ असावं लागतं आणि शिकवणाऱ्या डॉक्टरांना शिकवण्याच्या तंत्राचा मूलभूत अभ्यासक्रम करावा लागतो. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात तर २००५ मध्ये डॉक्टर-शिक्षकांसाठी फायमर संस्थेचा खास प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. सर्जन कितीही निष्णात असला तरी शिकवायला वेगळं शिकावं लागतं, हे डॉक्टरांनी मान्य केलं. मग रसायनशास्त्राच्या, इतिहासाच्या, मराठीच्या प्राध्यापकाला ते का लागू नये?

आणि तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर आहे, १९८६ पासूनचा. समाजकार्याच्या शिक्षणात फील्डवर्क असतं. विद्यार्थी गावात जाऊन काम करतो, केलेलं लिहून काढतो आणि मार्गदर्शक शिक्षकासोबत ठरावीक दिवशी बसून त्यावर बोलतो. काय केलं, का केलं, पुढच्या वेळी काय वेगळं करशील? एज्युकेशनल डेव्हलपर प्राध्यापकासोबत करतो ते यापेक्षा फार निराळं नाही. म्हणजे ही रीत आपल्या जिल्ह्याला परकी नाही. ती फक्त कॉलेजच्या वर्गात आलेली नाही.

काय करता येईल?

मोठी इमारत लागणार नाही. उपपरिसरात दोन-तीन प्रशिक्षित माणसं नेमली आणि त्यांचं काम एवढंच ठरवलं, की त्यांनी जिल्ह्यातल्या कॉलेजांत फिरायचं. जो प्राध्यापक बोलावेल त्याच्या तासाला मागे बसायचं, मुलांशी बोलायचं, चहा पिता पिता चर्चा करायची आणि कोणालाही अहवाल द्यायचा नाही. सीएचबीवाल्यांना यात आधी घ्यायचं, कारण त्यांना गाव सोडावं लागणार नाही आणि मानधनही बुडणार नाही. शाळांसाठी केंद्रप्रमुख ही फिरती व्यवस्था आपण उभी केलेलीच आहे.

दुसरं, कॉलेजांतली आयक्यूएसी, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष. नॅकचं मूल्यांकन झालेल्या कॉलेजात हा कक्ष असतोच. फीडबॅकचे फॉर्म तोच भरून घेतो. २०१७ पासून नॅकची विद्यार्थी समाधान पाहणीही आहे, तिची लिंक थेट मुलांच्या ईमेलवर येते. पण हे फॉर्म बहुतेक वेळा वर्षाच्या शेवटी येतात. आपण सगळीकडे ‘उत्तम’वर टिक करून मोकळे होतो, कारण त्याचा आपल्याला काहीच उपयोग नसतो. जो बदल होईल तो पुढच्या बॅचसाठी. तोच फीडबॅक सहाव्या-सातव्या आठवड्यात घेतला तर?

हे शेवटचं काम कोणाच्या आदेशाशिवाय आपणही सुरू करू शकतो. त्याची रीत अशी.

तीन प्रश्नांची चिठ्ठी

सेमिस्टरच्या मध्यावर सीआरने सर किंवा मॅडमना आधी विचारायचं, ‘आम्ही वर्गाकडून तीन प्रश्नांची उत्तरं गोळा करून तुम्हाला दिली तर चालेल का?’ परवानगी मिळाली नाही तर विषय तिथेच सोडायचा, चोरून काही करायचं नाही.

परवानगी मिळाली तर चार-चारच्या गटांत बसायचं. पहिला प्रश्न, या तासात शिकायला कशाची मदत होते? दुसरा, कुठे अडतं? तिसरा, सरांनी आणि आपण प्रत्येकी कोणती एक गोष्ट बदलावी? ‘आपण’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मागच्या बाकावरचा मोबाइलही त्यात येतो.

माणसाबद्दल लिहायचं नाही, तासाबद्दल लिहायचं. ‘बोअर करतात’ याचा उपयोग शून्य. ‘उदाहरण सोडवताना मधली पायरी गाळली जाते’ याचा उपयोग लगेच. ज्यावर निम्म्याहून जास्त गटांचं एकमत आहे तेवढंच चिठ्ठीत घ्यायचं. नावं नाहीत, फोटो नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच. चिठ्ठी प्राचार्यांकडे द्यायची नाही, थेट सरांच्या हातात द्यायची.

एवढ्याने सगळं बदलणार नाही. प्रशिक्षित माणसाची जागा चिठ्ठी घेऊ शकत नाही आणि पुरेसे प्राध्यापक भरायची सरकारची जबाबदारीही तिने संपत नाही. पण मधली एक पायरी फळ्यावर आली, प्रश्नानंतरचा एक सेकंद तीन सेकंदांचा झाला, तर त्याचा फायदा याच सेमिस्टरमध्ये, याच वर्गाला होईल. तुमच्या सेमिस्टरचे अजून सात-आठ आठवडे बाकी असतील, तर सीआरशी आजच बोला.